डोंगराच्या रानात ट्रॅक्टर : किंमत उतरली, पण उताराचे काय?

ट्रॅक्टरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टरचे टायर आणि बरेचसे सुटे भाग यांच्यावरचा करही १८ वरून ५ टक्के झाला. हिशेब सोपा आहे. पाच लाख रुपये मूळ किमतीच्या छोट्या ट्रॅक्टरला पूर्वी ६० हजार रुपये कर पडत होता, तो आता २५ हजार पडतो. म्हणजे ३५ हजार रुपये वाचले. आजच्या काळात ही रक्कम काही थोडी नव्हे.

याचा परिणाम सपाटीच्या गावांपेक्षा डोंगरकपारीच्या गावांत जास्त दिसेल, असे मला वाटते. शिरोळ-हातकणंगल्याकडे ट्रॅक्टर घरोघर कधीच आला. पण शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड आणि पन्हाळ्याचा पश्चिम भाग इथे अजून पॉवर टिलर, भाड्याचा ट्रॅक्टर आणि जिथे उरली आहे तिथे बैलजोडी यांवरच भागते. बैल सांभाळायला गडी मिळत नाही, रोपलावणीला बाया मिळत नाहीत, पोरगा मुंबईला. अशा घरात वीस-पंचवीस अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा विचार सुरू आहे, आणि तो चुकीचा नाही.

अडचण वेगळीच आहे. ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करताना कोटेशन लागते, चाचणी अहवाल लागतो. बँकेला तारण लागते. विक्रेत्याला इसार लागतो. पण तुमच्या रानाला उतार किती आहे, हे या सगळ्या कागदांत कुठेही लिहावे लागत नाही. सपाट मळ्यात चालणारा आणि टेकाडावर चालणारा ट्रॅक्टर कागदावर एकच. रानात मात्र एकच नसतो.

बिनक्लचचा ट्रॅक्टर

मेळाव्यांत हल्ली तरुण पोरे मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, "साहेब, ह्यो बिनक्लचचा ट्रॅक्टर आपल्या डोंगराला चालंल का?" हा हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर. नाव अवघड आहे, पण वस्तू तुम्हाला अनोळखी नाही. भात कापणीला येणाऱ्या बऱ्याच हार्वेस्टरमध्ये, बसून चालवायच्या भात लावणी यंत्रांत आणि ऊसतोडणी यंत्रात चाके फिरवायची हीच रीत असते. इंजिन एका पंपाला फिरवते, पंप तेलाला दाब देतो, ते तेल दुसऱ्या बाजूच्या मोटरला फिरवते आणि मोटर चाकांना. पंपाच्या आत एक तिरपी होणारी चकती असते. तुम्ही पाय दाबाल तशी ती कलते आणि तेल कमी-जास्त जाते. चकती उलट्या बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे. क्लच नाही, चालता गिअर बदलणे नाही. ताशी अर्ध्या किलोमीटरपासून पुढे हवा तो वेग पायाने मिळतो. सोबत कमी आणि जास्त वेगाची एक दांडी असते, बस्स.

अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली असा शेतीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. आज तिकडे छोट्या ट्रॅक्टरांत हे सर्रास आहे. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक छोटे ट्रॅक्टर अजून गिअरचेच आहेत. महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनमध्ये ओजा नावाची छोट्या ट्रॅक्टरांची मालिका जाहीर केली, त्यात भारतासाठी २० ते ४० अश्वशक्तीची सात मॉडेल आणि सगळी फोर व्हील. चारही चाके ओढणारा छोटा ट्रॅक्टर ही आता दुर्मीळ वस्तू राहिलेली नाही, एवढे त्यावरून कळावे. आज ना उद्या बिनक्लचचेही येतील. तेव्हा ते काय करतात आणि काय करत नाहीत, हे आधी समजून घेतलेले बरे.

करतात ते असे. रोटाव्हेटर मारताना पीटीओचे फेरे तेच राहतात आणि चालण्याचा वेग मात्र पायाखाली असतो. जमीन टणक लागली की पाय ढिला करा, ट्रॅक्टर हळू होतो, रोटरचे फेरे मोडत नाहीत. काजूच्या बागेत झाडाझाडातून गवत काढताना, पुढे-मागे शंभर वेळा करताना गुडघा दुखत नाही. अरुंद खाचराच्या कोपऱ्यात वळताना क्लच आणि गिअर यांच्या गडबडीत ट्रॅक्टर बांधावरून खाली जातो, तो धोका कमी होतो. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघताना गिअरच्या ट्रॅक्टरला क्लच सोडताना जो हिसका बसतो आणि पुढची चाके उचलतात, तो हिसका इथे नसतो. डोंगरासाठी हा फायदा मोठा आहे.

आता दुसरी बाजू. तेलातून ताकद नेताना गिअरपेक्षा जास्त ताकद वाया जाते आणि ती उष्णता होऊन तेलात उतरते. म्हणून पलटी नांगर लावून दिवसभर नांगरट करायची तर हा ट्रॅक्टर तुमचा नव्हे. लांब चढावर, उन्हात, भरलेल्या ट्रॉलीनिशी तो तापतो. तेल कंपनी सांगेल तेच घालावे लागते, फिल्टर वेळेवर बदलावा लागतो, आणि कचरा गेलेला पंप गावच्या मिस्त्रीच्या हातचा नसतो. बॅटरी बसली तर धक्का मारूनही चालू होत नाही. ज्या गावाला मेकॅनिक यायला अर्धा दिवस लागतो त्या गावाने याचा विचार करावा.

आणखी एक सवयीची गोष्ट. गिअरवर हात बसलेला माणूस चढाला ताकद कमी पडली की पाय जोरात दाबतो. इथे उलटे करायचे असते. इंजिन दबायला लागले की पेडल थोडे सोडायचे, म्हणजे वेग कमी होऊन ओढ वाढते. पेडल पुरते दाबणे म्हणजे चढावर टॉप गिअर टाकण्यासारखे आहे.

पाय उचलला की थांबतो, पण

विक्रेता सांगतो, पाय उचलला की ट्रॅक्टर जागच्या जागी थांबतो. सपाटीवर खरे आहे. उतारावर अर्धे खरे आहे. पंप आणि मोटर यांच्या आतल्या फटींतून थोडे तेल निसटतच असते, त्यामुळे उभा केलेला ट्रॅक्टर उतारावर हळूहळू सरकू शकतो. हँडब्रेक लावल्याशिवाय, चाकाला दगड दिल्याशिवाय आणि अवजार जमिनीवर टेकवल्याशिवाय खाली उतरायचे नाही. आणि कमी-जास्त वेगाची दांडी उतारावर हलवायचीच नाही. दोहोंच्या मध्ये ती न्यूट्रलला आली की तेलाचा सगळा अटकाव सुटतो आणि ट्रॅक्टर गाड्यासारखा पळतो. दांडी सपाट जागी, पूर्ण थांबून बदलायची.

गिअरच्या ट्रॅक्टरवर आपल्याकडे याहून वाईट खोड आहे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून सोडायचा. वाचणारे डिझेल पावशेरही नसते. मागे ट्रॉली, ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतात, आणि पुढे वळण. चढ ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतार उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता. तो नव्या पोरांपर्यंत पोचलेला दिसत नाही.

मुख्य मुद्दा मात्र यापुढे आहे. बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक असतात ते मागच्या चाकांनाच. बिनक्लचच्या ट्रॅक्टरचा तेलाचा अटकावही फोर व्हील लावलेले नसेल तर फक्त मागच्या चाकांनाच पोचतो. उतार उतरताना वजन पुढे जाते आणि मागची चाके हलकी होतात. ओल्या गवतावर, काजूच्या वाळक्या पाल्यावर, जांभ्या दगडाच्या सुट्या खड्यांवर हलके चाक धरत नाही. चाक थांबते, ट्रॅक्टर थांबत नाही, घसरत जातो. घाबरून ब्रेक आणखी दाबला तर आणखी घसरतो. पुढे लोडर असेल आणि त्यात माती भरलेली असेल तर मागची चाके नुसती टेकलेली राहतात. फोर व्हील लावलेले असेल तर मागची नि पुढची चाके एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून वजन जिथे गेले आहे त्या पुढच्या चाकांनाही अटकाव मिळतो.

म्हणजे फोर व्हील हे नुसते चिखलातून वर निघायला असते हा समज सोडला पाहिजे. डोंगरावर ते खाली येण्यासाठी जास्त लागते. माथ्यावर असतानाच लावा, निम्म्या उतारावर नव्हे. डांबरी सडकेवर टायर झिजतात म्हणून ते काढून ठेवतात, ते ठीक. पण घाटासारखा तीव्र उतार सडकेवर असला तरी तेवढ्यापुरते लावावे, टायर झिजले तर झिजू द्यावेत. दोन्ही ब्रेकपेडलांना जोडणारी पट्टी शेताबाहेर पडताना अडकवलेली हवी. एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा झाला की उतारावर तो सरळ होत नाही.

तेव्हा गिअर की हायड्रोस्टॅटिक या वादात मी पडत नाही. उतारावर तुम्हाला आधी फोर व्हील लागते. टू व्हील हायड्रोस्टॅटिकपेक्षा फोर व्हील गिअरचा ट्रॅक्टर डोंगराला शतपटीने बरा.

आडवे की उभे?

इथे आम्हा शेती खात्याच्या लोकांना एक अडचणीचा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की मशागत उताराला आडवी करा, म्हणजे माती वाहत नाही, पाणी मुरते. आणि ट्रॅक्टरचे पुस्तक सांगते की तीव्र उतारावर आडवे जाऊ नका, सरळ वर जा आणि सरळ खाली या, नाहीतर ट्रॅक्टर कुशीवर पडेल. शेतकऱ्याने कोणाचे ऐकायचे?

दोन्ही सल्ले खरे आहेत. ते एकाच रानाला लागू नाहीत, एवढेच. आधी उतार मोजा. गवंड्याची पाण्याची नळी किंवा एक सरळ काठी नि दोरी पुरते. आडव्या पाच मीटर अंतरात जमीन एक मीटर चढली तर तो वीस टक्के उतार, कोनात सुमारे ११ अंश. पाच मीटरला तीस सेंटिमीटर चढली तर सहा टक्के.

मृदसंधारणाच्या शास्त्रात साधारण सहा टक्क्यांपर्यंत समतल बांध घालून शेती करता येते. अशा रानात ट्रॅक्टर आडवा चालवायला काही भीती नाही, आणि तो आडवाच चालवावा. सोळा ते तेहतीस टक्के उताराला पायऱ्या पाडाव्या लागतात. आपल्याकडे भातासाठी जी मजगी करतात तीच. म्हणजे ज्या उतारावर ट्रॅक्टर आडवा घालणे धोक्याचे होऊ लागते, तो उतार पायऱ्या न पाडता नांगरण्याच्या लायकीचाच नसतो. तिथे उभी नांगरट केली तर ट्रॅक्टर वाचेल, पण पहिल्या मोठ्या पावसात रान ओढ्यात जाईल. गगनबावड्याच्या पावसाला ते एका रात्रीचे काम.

हा धोका आजवर कमी होता, कारण बैल त्या वरकस जमिनीवर फार खोल नांगरतच नव्हते. नाचणी, वरी घेतली, चार वर्षे पड टाकले, असे चालत होते. स्वस्त झालेला ट्रॅक्टर ते सगळे टेकाड एका दिवसात उकरू शकतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. दहा-बारा टक्क्यांच्या वर गेलेले रान एकतर पायऱ्या पाडून घ्या, नाहीतर काजू-आंब्याखाली न्या. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमीतून फळबागा लावायला सुरुवात झाली आणि कोकणाचे किती डोंगर काजू-आंब्याने भरले ते आपण पाहिले आहे. २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आली. बागेत ट्रॅक्टरचे काम राहते फवारणी, गवत, ओढकाम एवढेच. त्यासाठी गवताची एक सरळ उभी वाट राखली की आडवे जायची वेळ फार येत नाही. असल्या कामाला बिनक्लचचा ट्रॅक्टर खरोखर सोयीचा आहे. नाचणीच्या टेकाडाला उकरायला तो आणू नका.

पायऱ्यांच्या रानात कडेचा हिशेब लक्षात ठेवा. ताल किंवा बांध जितका उंच, निदान तितके अंतर चाक कडेपासून आत हवे. दीड मीटरचा ताल असेल तर दीड मीटर. पावसाळ्यात त्याहून जास्त, कारण भिजलेला ताल आतून पोकळ झालेला असतो, वरून कळत नाही. आणि ज्या खाचरांची रुंदी तीन-चार मीटरच आहे तिथे हा नियम पाळून ट्रॅक्टरला जागाच उरत नाही. तिथे पॉवर टिलरच ठेवा. त्यात कमीपणा नाही.

डोक्यावरची चौकट

वाचलेल्या ३५ हजारांचे काय करायचे? बरेच जण त्यात पाच अश्वशक्ती जास्तीची घेतील. माझे ऐकाल तर तसे करू नका.

सीटच्या मागे उभी असते ती लोखंडी चौकट, जिला रोल बार म्हणतात, ती आणि सीटचा पट्टा घ्या. ट्रॅक्टर पलटी झाला तर चौकट जमिनीवर टेकते आणि माणसापुरती जागा राहते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरला ही चौकट सक्तीची केली आणि पुढच्या तीस वर्षांत तिथे ट्रॅक्टरखाली चिरडून मरणे जवळजवळ बंद झाले. अमेरिकेत १९८५ पासून २० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांवर कंपन्या ती आपणहून देऊ लागल्या. आपल्याकडे कित्येक ठिकाणी त्या जागी छत्री बसवतात. छत्री उन्हाला आहे. पलटीत ती कागदासारखी चेपते. चौकट गावच्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून करून घ्यायची वस्तू नव्हे, ती त्या ट्रॅक्टरच्या वजनासाठी तपासलेली असावी लागते. आणि पट्टा बांधला नाही तर चौकट असून उपयोग नाही. माणूस बाहेर फेकला जातो आणि चौकटच त्याच्यावर येते. बागेत फांद्या लागतात म्हणून चौकट दुमडून ठेवली असेल तेवढ्या वेळी मात्र पट्टा बांधू नये. बाहेर आल्यावर चौकट आधी उभी करावी, मग पट्टा.

मागच्या बाजूने पलटी होणे तर इतके झटक्यात होते की पाऊण सेकंदात ट्रॅक्टर सावरण्यापलीकडे जातो. क्लच दाबायला माणसाला त्याहून जास्त वेळ लागतो. हे बहुधा दोन वेळी होते. एक, ओंडका किंवा फसलेली गाडी ओढताना साखळी खालच्या हुकाला न बांधता वर टॉप लिंकच्या जागी बांधली तर. दुसरे, चिखलात रुतलेल्या मागच्या चाकांना लाकूड बांधून बाहेर काढायचा प्रयत्न केला तर. लाकूड अडकते, चाक फिरत नाही, मग इंजिन ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवते. चिखलणीच्या दिवसांत हा प्रकार अजून चालतो. रुतला तर अवजार सोडवा, उलटा काढून बघा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

चौकटीनंतर उरलेल्या पैशांत पुढची वजने आणि मागच्या चाकांत पाणी. पाणी चाकात भरले की वजन खाली राहते, ट्रॅक्टर बसका होतो. चाकांमधले अंतर वाढवता येत असेल तर डोंगरासाठी वाढवूनच घ्या. खाचराच्या कामाला ते कमी करावे लागते हे मान्य, पण मग त्या दिवसांत टेकाडावर जाऊ नका.

आता थोडे ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी. ट्रॅक्टर रानापेक्षा रानाच्या वाटेवर कमी उलटत नाहीत. मातोश्री शेत-पाणंद योजना २०२१ साली आली तेव्हापासून पाणंदींचे प्रस्ताव भरपूर झाले. पण डोंगरी गावात पाणंद नुसती रुंद करून भागत नाही. आडवी गटारे नसली की वर्षात तिच्या मधोमध ओढा तयार होतो, एक चाक खड्ड्यात नि एक बांधावर. प्रस्ताव करताना चढाची जागा, वळणाची रुंदी आणि पाणी कुठून काढणार हे नकाशावर दाखवा. मजगीची कामे निघतील तेव्हा एका पायरीवरून दुसरीवर उतरायला तिरकी घसरण ठेवायचे आराखड्यातच लिहून घ्या. नंतर शेतकरी ताल फोडून वाट करतो आणि तिथूनच ट्रॅक्टर खाली जातो.

आणि घेणाऱ्याने एवढे करावे. मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते, त्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. ब्रेकची आणि ओढशक्तीची पाने कोणाकडून तरी वाचून घ्या. अनुदानाची मर्यादा अश्वशक्ती नि टू व्हील-फोर व्हील यांवर ठरते आणि वेळोवेळी बदलते, ती पोर्टलवरच पाहा. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के हे धरून, मर्यादेपलीकडचे पैसे घरचे असतात हे विसरू नका.

डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका. तुमच्या रानात, तुमच्या अवजारासह, तुमच्या सर्वांत वाईट उतारावर मागा, आणि पहिल्यांदा कंपनीच्या माणसाला चालवू द्या. निम्म्या चढावर थांबायला सांगा. पाय उचलून मिनिटभर उभा राहू द्या, सरकतो का ते चाकाजवळ खूण करून बघा. मग हँडब्रेकवर तेच. फोर व्हील लावून खाली येऊ द्या. चढ फार असेल तिथे उलटा वर चढवायला लावा, जड बाजू वर राहते आणि पुढची चाके उचलत नाहीत. तो माणूस तुमच्या उतारावर जायला कां-कूं करू लागला, तर इसार खिशातच ठेवा.